‘लेट’ आणि वरचा मजला

‘लेट’ हा शब्द मराठीत लिहायला घेतला की पहिल्याच ओळीत पंचाईत होते. इंग्रजीत उशिराचा ‘लेट’ चार अक्षरांचा, आणि ‘जाऊ दे, येऊ दे’मधला ‘लेट’ तीन अक्षरांचा. तिथे दोघांचे उच्चारही वेगळे आहेत. देवनागरीत मात्र दोघे एकसारखेच दिसतात आणि आपण म्हणतोही एकसारखेच. कोणता कोणता हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आमच्या घरात ते समजून घेणं एकदा चुकलं. निदान मी तरी वर्षभर असंच धरून चालले होते.

मी कामाची बाई. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर माझी सगळी नोकरी झाली. कोण कुठल्या देशात जाणार, त्याचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, उतरल्यावर न्यायला कोण येणार, सोबत लोणचं न्यायला परवानगी आहे का. सकाळी यादी करायची, एकेक ओळ खोडत जायची, संध्याकाळी कागद फाडून टाकायचा आणि कोथरूडला घरी जायचं. शब्दांच्या मागे लागणं हा माझा छंद नाही. तो बाबांचा.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. खडकवासल्याच्या कालव्यातून जेवढं पाणी गेलं असेल तेवढी त्याबद्दलची इंग्रजी पत्रं त्यांच्या हाताखालून गेली, असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड जुना इंग्रजी शब्दकोश आणला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो कुठून आला ते बारीक अक्षरात दिलेलं होतं. बाबा फक्त तेवढंच वाचत.

धायरीचा प्लॉट त्यांनी घेतला तेव्हा धायरी गाव होतं आणि सिंहगड रस्त्याला संध्याकाळी सहानंतर बस नव्हती. शेजारच्या शेतकऱ्यांनी जमिनीचे तुकडे पाडले, त्यातला एक आमचा. खालचं घर झालं आणि आई गेली. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता, माझं लग्न झालेलं होतं. मग ते दोघंच तिथे राहायचे. भावाला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, पहिला पगार बाबांच्या शेवटच्या पगाराहून जास्त आला, आणि बाबांनी वरचा मजला काढला. त्याच्यासाठी. त्याचं लग्न होईल, तो वर राहील, आपण खाली. माझा विचार त्यात कुठे नव्हता, तेव्हा कोणाच्याच घरात मुलीचा नसायचा, आणि मीही तो केला नव्हता.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “काका, जिना बाहेरून घ्या. सगळे बाहेरूनच घेतात. उद्या भाडेकरू ठेवायचा झाला तर तो काय तुमच्या हॉलमधून येणार?”

“भाडेकरू येणार नाही,” बाबा म्हणाले, “त्यामुळे तो कुठून येणार हा प्रश्न येत नाही.”

जिना आतून झाला. हॉलच्या कोपऱ्यातून सुरू होऊन थेट वरच्या हॉलमध्ये उघडणारा. मध्ये दार नाही. खालून हाक मारली की वर ऐकू यावी आणि वर कुकर झाला की खाली वास यावा, असा हिशेब. भाऊ वर झोपायचा, खाली जेवायचा आणि उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या गाळून उडी मारायचा. बाबा दर वेळी “पाय मोडेल” म्हणायचे. नोकरीला लागून दोन वर्षं झाली तरी म्हणायचे.

मग त्याला अमेरिकेचा प्रोजेक्ट मिळाला. त्या काळात कोथरूड-धायरीतल्या दर तिसऱ्या घरात हेच चाललं होतं. पासपोर्ट माझ्या ओळखीतून लवकर झाला. तो घेऊन मी एका रविवारी धायरीला गेले, व्हिसाचा फॉर्मही तिथेच भरून घ्यायचा होता. फॉर्मवर आईच्या नावाआधी मी ‘लेट’ लिहिलं. चार अक्षरी. भाऊ शेजारी बसून पेनाचं टोपण उघडझाप करत होता, ते त्याने थांबवलं.

बाबांनी तोवर पासपोर्ट उघडून पहिल्या पानावरचा मजकूर वाचायला घेतला होता.

“हे चूक छापलंय.”

“राष्ट्रपतींच्या नावाने छापलंय, बाबा.”

“म्हणून काय झालं? ‘अलाउ’ म्हणजे जाऊ द्या. पुढे म्हणतात, ‘विदाउट लेट’. लेट म्हणजेही जाऊ द्या. मग जाऊ न देता जाऊ द्या? असला मसुदा मी साहेबांपुढे ठेवला असता तर फाईल डोक्यात घातली असती.”

“बाबा, इमिग्रेशनवाला हे वाचत नाही,” भाऊ म्हणाला. “तो फोटो बघतो.”

“तो नाही वाचत. मी वाचतोय.”

मग त्यांना वरचा हिंदी मजकूर दिसला. तिथे होतं ‘बिना रोक-टोक’. बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि उठून शब्दकोश आणला. त्यात तीन अक्षरी ‘लेट’ दोनदा होता, वेगवेगळे आकडे घालून. फार जुन्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ सोडणं, मागे ठेवणं, होऊ देणं. दुसऱ्याचा अर्थ अडवणं, खोळंबा करणं. दोन्ही बोलून बोलून झिजले आणि एकाच स्पेलिंगवर येऊन थांबले. आता अडवण्याचा ‘लेट’ कोणी वापरत नाही, पासपोर्टात आणि कोर्टाच्या कागदात तेवढा उरला आहे.

“आणि टेबल टेनिसमध्ये?” भावाने विचारलं. आम्ही लहान असताना कॉलनीच्या हॉलमध्ये खेळायचो. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की ‘लेट’, पुन्हा सर्व्हिस. हा पठ्ठ्या हरायला लागला की कशालाही लेट म्हणायचा. बाहेरून कुत्रं भुंकलं, लेट.

“तो अडवण्याचाच असणार. अडथळा आला, पुन्हा खेळा.” बाबा पान खाली खाली वाचत गेले. “घर भाड्याने देतात तो ‘टू लेट’ मात्र सोडण्याचा. आपली जागा दुसऱ्याला सोडायची. ‘बुकलेट’मधला लेट यांचा कोणी नाही, तो फ्रेंचांकडून आलाय, शेपटीसारखा लावतात. आणि हे बघ. हा अडवणारा लेट निघालाय चार अक्षरी लेटमधून. मंद, उशिराचा. अडवलं की उशीर होतो. म्हणजे आपण दोन्ही सारखं लिहितो त्यात चूक नाही. मुळात घर एकच आहे.”

“बाबा, मग तुम्ही कोणत्या लेटमध्ये? सोडताय की अडवताय?”

“मी मसुदा तपासतोय,” बाबा म्हणाले आणि पासपोर्ट माझ्याकडे दिला.

तो दोन वर्षांसाठी गेला. दोनाची चार झाली, मग कोणी आकडा बोलेनासं झालं. तिथे लग्न झालं, नोकरी बदलली. तो वाईट मुलगा नव्हता, हे लिहून ठेवते. दर रविवारी सकाळी फोन करायचा, त्याच्याकडे शनिवारची रात्र असायची. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी सुट्टी घेऊन आला, परत जाताना विमानतळावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पण येण्याचं काही ठरत नव्हतं.

रविवारी मी स्कूटर काढून धायरीला जायचे. वरचा मजला हे माझं काम. खिडक्या उघडणं, सगळे नळ थोडा वेळ सोडणं, गीझर चालू करून बघणं, गादीला ऊन, पंख्याची पाती, कबुतरं. बाबा जिना चढत नसत, गुडघे दुखायचे. खाली उभे राहून विचारायचे, “झालं का वरचं?”

दरम्यान धायरीचं काय झालं ते सांगायला नको. ज्याच्याकडून प्लॉट घेतला होता त्या शेजाऱ्याने ज्वारीच्या जागी तीन मजले उभे केले, बाहेरून जिना घेतला आणि प्रत्येक खोलीत तीन-तीन आयटीवाली पोरं भरली. संध्याकाळी गल्लीत मोटारसायकली लावायला जागा नसायची. खोली शोधत फिरणारी मुलं आमच्याही फाटकाशी यायची. वरच्या बंद खिडक्या रस्त्यावरूनच दिसत. एकदा अकोल्याकडचा एक मुलगा आला, पाठीला लॅपटॉपची बॅग, बोलणं अगदी नम्र.

“काका, वरची खोली खाली आहे का?”

“वरची खोली खाली कशी असेल? ती वरच आहे,” बाबा म्हणाले.

तो गोंधळला. “म्हणजे रिकामी आहे का, काका?”

“रिकामी नाही. मुलाची आहे.”

मुलगा वर बंद खिडक्यांकडे बघत राहिला. ते प्लॉटवाले शेजारी आपल्या कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, “ए पोरा, हिकडं ये. सायबांचं घर राखीव हाय.”

मग तो फोन. त्या रविवारी मी वर कबुतरांनी केलेली घाण काढत होते. खाली फोन वाजला, बाबा बोलत होते, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी बादली घेऊन उतरले तेव्हा ते फोन ठेवून तिथेच बसलेले होते.

“काय म्हणाला?”

“वरचं लेट करून टाका म्हणाला.”

“म्हणजे?”

“म्हणजे थोडं लेट. रंग वगैरे आत्ता नको, उशिरा करा. त्याचं अजून थोडं मागेपुढे होतंय.” आणि थोडं थांबून, “येणार असेल तेव्हाच रंगाचं बोलतो ना माणूस.”

मला पटलं. मी घाईत होते, बादली हातात होती, आणि पटण्यासारखं होतंच. आमच्या कंपनीतही माणसं परत यायला लागली होती. बाणेर-औंधात परत आलेल्यांच्या सोसायट्या होत होत्या. मी नवी यादी केली. बाबांनी त्या वर्षी वरच्या बाथरूमच्या फरश्या बदलून घेतल्या. सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या. एका खोलीत इंटरनेटची वायर ओढून घेतली. “ते लोक घरून काम करतात” हे त्यांनी वायरवाल्याला ऐकवलं. रंग मात्र दिला नाही, कारण तो उशिरा द्यायचा होता. रविवारी फोनवर भावाशी बोलताना ते यातलं काही काढत नसत. मला वाटायचं, त्याच्यावर दडपण नको म्हणून.

वर्ष झालं असेल. एका तिकिटाच्या कामासाठी भावाने मला ऑफिसात फोन केला. काम झाल्यावर सहज म्हणाला, “ताई, वरती भाडेकरू मिळाला का गं चांगला?”

“कसला भाडेकरू?”

“अगं, मी बाबांना म्हटलं होतं ना. आम्ही इथे घर घेतलं तेव्हाच. म्हटलं, बाबा, आता आम्ही काही येत नाही, वरचं लेट करून टाका. त्यांना सोबतही होईल. का, दिलं नाही का?”

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि समोरच्या माणसाचा फ्रँकफर्टचा व्हिसा तपासला, दोनदा, कारण पहिल्यांदा काही वाचलंच गेलं नव्हतं.

रविवारी धायरीला गेले. कसं सांगायचं याची मनात तयारी केली होती. आधी ऐकण्यातली चूक सांगायची, ती हसण्यावारी न्यायची, दोन लेटची आठवण काढायची, मग घराचं. बाबा जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होते. मी शेजारी बसून सोलायला लागले.

“बाबा, तो लेट करा म्हणाला ना, ते उशिराचं नव्हतं. भाड्याने द्या म्हणत होता.”

“माहीत आहे.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“त्याने घर घेतलंय, तेही…”

“तेही सांगितलं होतं. पुढे बाग आहे. मागे गॅरेज आहे.”

“लाईन खराब होती का?”

“लाईन चांगली होती.” बाबांनी एक किडका दाणा काढून बाजूला ठेवला. “दोन्ही ऐकू येत होतं. मी दुसरं घेतलं.”

सवयीने मी पुढच्या कामाचं विचारलं, मग आता काय करायचं.

“वर्षभर चाललं की नाही?” बाबा म्हणाले. “तू बोलली नसतीस तर अजून चाललं असतं. आता तुझ्याकडून मराठीत आलं. आता नाही चालणार.”

रागाने नाही म्हणाले. फाईल बंद करताना म्हणावं तसं. मी त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन मटारउसळ केली, पोळ्या केल्या, आणि आम्ही जेवलो. उसळीत मीठ नव्हतं. दोघांनीही वरून घेतलं नाही.

भाड्याने द्यायचं म्हटल्यावर कामं निघाली आणि कामं मला जमतात. वेगळा मीटर. बाहेरून लोखंडी जिना, नऱ्ह्याच्या फॅब्रिकेटरने करून दिला. पाटी. पाटीवर ‘भाड्याने देणे आहे’ लिहू म्हटलं तर पेंटर म्हणाला, ताई, एवढं कोण वाचतं, सगळे टू लेटच लिहितात. त्याने देवनागरीत ‘टू लेट’ लिहून आणलं. शेजाऱ्यांनी ती लावताना बघितली.

“सायेब, माझी नात इंग्रजी शाळेत हाय. ती म्हणती, टू लेट म्हंजे लई उशीर झाला.”

“बरोबर आहे तिचं,” बाबा म्हणाले. शेजारी हसायला लागले होते ते थांबले. मग स्वतःच उठून आले आणि पाटीची तार नीट पिळून दिली.

शेवटचं काम आतला जिना. भाडेकरूच्या घरात आमच्या हॉलमधून वाट असून चालणार नव्हती. गवंडी म्हणाला, जिना फोडून टाकू, खाली मोठी जागा निघेल, फ्रीज बसेल. बाबांनी नको म्हटलं. मग त्याने वरच्या तोंडाशी वीट लावली, दोन्ही बाजूंनी गिलावा केला. संध्याकाळपर्यंत झालं. खालून बघितलं की जिना नेहमीसारखा वर चढत जायचा आणि ओल्या, गडद भिंतीशी थांबायचा. बाबा त्या भिंतीला आठवडाभर पाणी मारायला सांगत होते. गुडघे दुखत असून दोनदा स्वतः चढले, मग्गा घेऊन.

यवतमाळकडचं एक जोडपं राहायला आलं, दोघंही आयटीत. चांगली माणसं. भाऊबीजेला त्यातली मुलगी बाबांसाठी अनारसे घेऊन खाली आली, बाहेरच्या जिन्याने, बेल वाजवून. ते राहायला आले त्या पहिल्या संध्याकाळी मी तिथेच होते. डोक्यावर कोणीतरी चाललं, खुर्ची सरकवली. बाबांचा घास हातात थांबला. इतकी वर्षं वर फक्त मी चालत आले होते, आणि मी तर समोर बसले होते. मग ते म्हणाले, “त्यांना सांग, रात्री पाणी जपून वापरा,” आणि पुढे जेवले.

भाऊ त्यानंतरच्या डिसेंबरात आला, एकटाच. त्याला सगळं माहीत होतं, फोटोही मीच पाठवले होते. विमानतळावरून मी त्याला धायरीला आणलं. त्याने बूट काढले, बाबांना वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि बोलता बोलता सरळ जिना चढायला लागला. आम्ही दोघंही त्याला थांबवू शकलो नाही, इतक्या सहज गेला. भिंतीपाशी पोचल्यावर थांबला. बॅग हातातच. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली.

तो वळला नाही. तसाच वरच्या पायरीवर बसला, भिंतीला पाठ लावून, बॅग मांडीवर घेऊन.

“बाबा,” तो तिथूनच म्हणाला, “मी भाड्याने द्या म्हटलं. पण हे…”

“त्यांना त्यांचं घर पाहिजे ना,” बाबा म्हणाले. “जिना ठेवलाय. वाट बंद केलीय.”

“मी आलो असतो, बाबा.”

कधी, हे विचारणं त्यांना अवघड नव्हतं, त्यांची जीभ चांगली होती. त्यांनी विचारलं नाही. ते आतल्या खोलीत गेले. पलंगाखालून एक गुंडाळलेली गादी ओढून काढत होते, कोणी आलं-गेलं तर लागते म्हणून ठेवलेली. त्यांना एकट्यांना ती उलगडेना, म्हणून मी गेले. भाऊ तोवर खाली उतरून दारात येऊन उभा राहिला होता. आम्ही गादी अंथरली, चादर घातली, बाबांनी कोपरे खोचले.

“पाहुण्यांची आहे, जरा पातळ आहे,” बाबा त्याला म्हणाले. “चार दिवस सांभाळून घे.”